पेनड्राइव्हवरील लिनक्स आणि न बोलणारे बिनतारी कार्ड

विंडोज १० या संगणकप्रणालीची देखभाल तिच्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, तेव्हापासून आमच्याकडे एकाच अर्थाची विचारणा वारंवार होऊ लागली आहे. सोसायटीचा अथवा घरचा संगणक दहा-पंधरा वर्षांचा जुना आहे. विंडोज ११ त्यावर बसत नाही, कारण त्या प्रणालीस टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते व ती जुन्या यंत्रांत बहुधा नसते. नवीन यंत्र घेण्यास पैसा नाही. तर करावे काय? ज्या सभासदांनी आमच्या सांगण्यावरून पेनड्राइव्हवरील लिनक्स चालवून पाहिले, त्यांचे पुढचे गाऱ्हाणेही ठरलेले आहे. पडदा आला, कळफलक चालतो, जुने हिशेब दिसतात. परंतु वायफाय मात्र नाही. सबब हा पाठ एवढ्या एकाच विषयापुरता लिहीत आहो.

लिनक्स म्हणजे काय ते थोडक्यात सांगून पुढे जाऊ. फिनलंड देशातील लिनस टॉर्व्हाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ साली या प्रणालीचा गाभा लिहिला व तो सर्वांस फुकट व मोकळा दिला. पुढे क्लाउस क्नॉपर या जर्मन गृहस्थाने २००० साली ‘क्नॉपिक्स’ नावाची तबकडी काढली. ती तबकडी यंत्रात घालून यंत्र सुरू केले, की आतील डिस्कला हातही न लावता सबंध प्रणाली चालत असे. ही प्रणाली तबकडीवरून अथवा पेनड्राइव्हवरून यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणात उतरते व यंत्र बंद केले की नाहीशी होते. यास ‘लाइव्ह’ प्रणाली म्हणतात. शेतावरील मांडवासारखी तिची गोष्ट आहे. राखणीपुरता उभा केला, काम झाले की मोडला, जमिनीस काही इजा नाही. आपल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनेही ‘बॉस’ नावाची लिनक्सची आवृत्ती काढलेली असून तीत मराठीची सोय आहे.

आता कुळगावकडील एका सोसायटीत आमच्या स्वतःच्या हातून घडलेली हकीकत सांगतो, म्हणजे विषय नीट ध्यानात येईल.

जून महिन्याची २८ तारीख होती. पीककर्जाची परतफेड जूनअखेर करणाऱ्या सभासदासच व्याजाची सवलत मिळते, हे वाचकांस सांगणे नकोच. पैसे भरलेल्या सभासदांची यादी सोसायटीच्या लॅपटॉपमध्ये होती व त्याच दिवशी त्यातील विंडोजने उठण्याचे नाकारले. बाहेर पावसाची झड लागलेली. चिटणीस लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दुरुस्तीच्या एका दुकानी घेऊन गेले. तेथे अर्ध्या तासात निकाल मिळाला: आतला बोर्ड गेला, नवा बसवावा लागेल. खर्च ऐकून चिटणीस परत आले. बोर्ड गेला असता तर पडद्यावर उजेड तरी कसा पडला, ही शंका त्यांस वाटेत आली व त्यांनी आम्हांस बोलाविले.

आम्ही लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केले. पाच मिनिटांत पडदा आला. आतील डिस्क उघडली, यादी सापडली. येथे एक सूचना करून ठेवतो: अशा प्रसंगी पहिले काम वायफायचे नव्हे. प्रथम सर्व हिशेब दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून तो खिशात घालावा व मगच बाकीचे उद्योग करावेत. विंडोज अर्धवट झोपेत बंद पडलेली असेल तर लिनक्स ती डिस्क केवळ वाचू देते, तीवर लिहू देत नाही. त्यास दोष समजू नये. ती सावधगिरीच आहे. तसेच पडद्यावर ‘इन्स्टॉल’ या नावाचे चित्र दिसते, त्यास तूर्त स्पर्शही करू नये. त्या वाटेने पुढे जाऊन भलते उत्तर दिले तर जुनी डिस्क साफ पुसली जाते.

हिशेब हाती आले. पण यादी बँकेकडे पाठवावयाची तर जाळे हवे, आणि जाळ्याच्या खुणेवर वायफायचे नावच नव्हते. दुसऱ्याच्या यंत्रावरून यादी पाठविता आली असती हे खरे. परंतु हेच यंत्र पुढे बियाणे-खतांच्या वाटपास रोज लागणार होते. ते भंगारात घालावे की ठेवावे, हा प्रश्न त्या एका कार्डावर येऊन ठेपला होता.

बिनतारी कार्ड न चालण्याची कारणे निरनिराळी असतात व प्रत्येकाचे औषध वेगळे असते. हे न पाहता जो तो आज्ञा टंकीत सुटतो, तो पंप पाणी देत नाही म्हणून मोटार, नळ व खांबावरची तार एकदमच उस्कटणाऱ्या माणसासारखा आहे. म्हणून आधी यंत्रासच विचारावे. लिनक्समध्ये ‘टर्मिनल’ नावाची काळी खिडकी असते, तीत आज्ञा रोमन अक्षरांत टंकावयाच्या असतात. येथे आम्ही त्यांचा उच्चार देत आहो. कळफलक मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणावा.

पहिली आज्ञा ‘एल-एस-पी-सी-आय’ ही पाच अक्षरे सलग, मग मोकळी जागा, मग आडवी रेघ व तीस चिकटून एन, एन, के ही तीन अक्षरे. सर्व अक्षरे लहान लिपीतील. हिच्या उत्तरात यंत्रातील सर्व कार्डांची यादी येते. तीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ असे शब्द असलेली ओळ शोधावी. ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन अंकांची जोडी असते. पहिला अंक कारखान्याचा, दुसरा मालाचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १६८सी म्हणजे अथेरॉस, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. ही जोडी कागदावर उतरून घ्यावी. लॅपटॉपच्या झाकणावर छापलेल्या नावावरून कार्ड ओळखण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. एकाच नावाच्या लॅपटॉपांत निरनिराळी कार्डे निघतात. कार्ड बाहेरून यूएसबीच्या भोकात लावलेले असेल तर मात्र आज्ञा ‘एल-एस-यू-एस-बी’ अशी द्यावी. ओळच आली नाही, तर कार्ड सैल झाले आहे किंवा खरोखरच मेले आहे.

आमच्या यंत्रात जोडी आली १४ई४ व ४३१५. कार्ड जागेवर होते, व बोर्ड गेल्याची गोष्ट तेथेच निकालात निघाली.

दुसरी आज्ञा ‘आर-एफ-किल’, मोकळी जागा, ‘लिस्ट’. रेडिओलहरी कोणी अडवून धरल्या आहेत काय, ते ही सांगते. उत्तरात ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ व ‘हार्ड ब्लॉक्ड’ अशा दोन ओळी येतात. सॉफ्टपुढे ‘येस’ असेल तर अडथळा प्रणालीतला आहे; ‘सुडो आर-एफ-किल अनब्लॉक ऑल’ या आज्ञेने तो सुटतो. हार्डपुढे ‘येस’ असेल तर कोणतीही आज्ञा उपयोगाची नाही. यंत्रावर कोठेतरी खरेखुरे बटण आहे व ते बंद आहे. आमच्या यंत्रात हार्डपुढे ‘येस’ आले. लॅपटॉप चहूबाजूंनी न्याहाळला, पण बटण दिसेना. शेवटी पुढच्या कडेवर चिकटविलेली सोसायटीच्या मालमत्तेच्या क्रमांकाची चिठ्ठी नखाने खरवडून काढली, तो तिच्याखाली बारीकसे सरकते बटण निघाले. ही चिठ्ठी आम्हीच, हिशेबतपासणीच्या वेळी, आपल्या हाताने चिकटविली होती!

बटण सरकविले, दोन्ही ओळींपुढे ‘नो’ आले, तरी वायफाय येईना. तेव्हा तिसरी आज्ञा, ‘सुडो डी-मेसेज’. ती रोमनात डी, एम, ई, एस, जी अशी टंकतात. यंत्र सुरू झाल्यापासून गाभ्याने स्वतःशी केलेली सगळी बडबड हिने बाहेर येते. ती शेकडो ओळींची असते, घाबरू नये. त्या गर्दीत आम्हांस हवी ती ओळ सापडली: बी४३ या चालकास ‘यूकोड१५’ नावाची फर्मवेअरची फाइल मिळत नाही.

येथे जरा थांबून फर्मवेअर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण सर्व घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. विहिरीवरील पंपाचे उदाहरण घ्यावे. मोटार ठीक, वीज ठीक, नळ ठीक. तरी पंपाच्या पोटात आधी बादलीभर पाणी ओतल्याशिवाय तो पाणी ओढीत नाही. कित्येक बिनतारी कार्डे तशीच आहेत. कार्ड ही मोटार, लिनक्समधील चालक हा तिचा स्टार्टर, आणि फर्मवेअर हे आधी ओतावयाचे पाणी. कार्डाच्या आत एक छोटासा संगणकच असतो. त्याने काय करावे याची टिपणी प्रत्येक वेळी यंत्र सुरू होताना बाहेरून त्यात भरावी लागते. ती टिपणी ‘लिब’ या कप्प्यातील ‘फर्मवेअर’ नावाच्या कप्प्यात ठेवलेली असते. तेथे नसेल तर चालक बापडा हात जोडून उभा राहतो.

मग लिनक्सवाले हे पाणी आधीच भरून का देत नाहीत? इंटेलची टिपणी वाटण्यास मोकळीक आहे, म्हणून ती लाइव्ह पेनड्राइव्हवर बहुधा असतेच. अथेरॉसच्या ज्या जुन्या कार्डांस एटीएच९के हा चालक लागतो, त्यांस तर ती लागतच नाही. जुने यंत्र विकत घेणाऱ्याने हे अवश्य लक्षात ठेवावे. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांची गोष्ट निराळी आहे. त्यांची माहिती कंपनीने प्रसिद्ध केली नव्हती. काही स्वयंसेवकांनी कंपनीचा चालक उलटसुलट तपासून आपला चालक लिहिला व तो २००६ साली लिनक्सच्या गाभ्यात आला. बी४३ ही त्याचीच पुढची सुधारलेली पिढी. चालक मोकळा झाला. पण टिपणी कंपनीच्या मालकीची, ती इतरांनी वाटण्याची परवानगी नाही. म्हणून एक तोड निघाली: ‘फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर’ नावाची पुडी स्वतः टिपणी बाळगीत नाही, तर कंपनीचा जुना चालक जाळ्यावरून आणून त्यातून टिपणी कापून घेते. डेबियन या नामांकित आवृत्तीने २०२२ साली मतदान घेऊन बंद फर्मवेअरही आपल्या तबकड्यांवर घालण्याचे ठरविले व जून २०२३ मधील १२ व्या आवृत्तीपासून तसे केले. तरी या बी४३ ची टिपणी त्यांसही देता येत नाही.

आता वाचकांच्या ध्यानात आलेच असेल की हा पंप सुरू करण्यास पाणी पाहिजे आणि पाणी तर पंपानेच यावयाचे आहे! वायफाय नाही म्हणून पुडी आणावयाची, व पुडी आणण्यास वायफाय पाहिजे. या जागी पुष्कळांनी हात टेकले आहेत. उपाय मात्र सोपा आहे. शेजारच्या विहिरीतून एक बादली आणावी, म्हणजे मोबाइल तारेने जोडावा. चार्जिंगची तार (ती माहितीही वाहणारी असावी, नुसती वीज वाहणारी स्वस्तातली नको) लॅपटॉपास लावावी, मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट व टेदरिंग या सदरात ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. अँड्रॉइडच्या मोबाइलास लिनक्स तारेचे जाळे समजते व निराळा चालक मागत नाही. आमच्या यंत्रावर दहा सेकंदांत जाळे आले आणि यादी त्याच संध्याकाळी बँकेकडे रवाना झाली.

मग सावकाश कार्डाकडे वळलो. मिंटमध्ये ‘सिनॅप्टिक’ नावाची पुड्यांची वखार आहे. ती उघडून प्रथम यादी ताजी करावी, नंतर बी४३ असे शोधून वर सांगितलेली पुडी बसवावी. दुसरा मार्ग ‘ड्रायव्हर मॅनेजर’चा. तो ब्रॉडकॉम कंपनीचा स्वतःचा ‘डब्ल्यूएल’ हा चालक सुचवितो, आणि मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरच तो ठेवलेला असल्याने जाळे नसतानाही बसविता येतो. जेथे मोबाइलची रेंज नाही अशा डोंगरकडेच्या गावी हाच मार्ग बरा. मात्र दोहोंपैकी एकच धरावा. डब्ल्यूएल बसला की तो बी४३ ला दारातच अडवितो, आणि दोन्ही बसवून काहीच चालेनासे झालेली यंत्रे आमच्या पाहण्यात आहेत. नव्या यंत्रांत ‘सिक्युअर बूट’ नावाचा पहारा असतो; तो चालू असेल तर डब्ल्यूएल आत येऊ शकत नाही. यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये तो पहारा बंद करावा लागतो.

पुडी बसल्यावर यंत्र बंद करून पुन्हा सुरू करण्याचा सल्ला पडद्यावर येईल अथवा कोणी जाणता देईल. लाइव्ह प्रणालीत तो घातक आहे. यंत्र बंद केले की मांडव मोडला, पुडीही गेली. त्याऐवजी ‘सुडो मॉडप्रोब’, मोकळी जागा, आडवी रेघ व आर, मोकळी जागा, ‘बी४३’ या आज्ञेने चालकास बाहेर काढावे, व तीच आज्ञा आडवी रेघ-आर वगळून पुन्हा देऊन त्यास आत घ्यावे. आम्ही तसे केले. क्षणभराने आसपासच्या घरांतील वायफायची नावे एकाखाली एक पडद्यावर उतरली. चिटणीसांनी ती मोठ्याने वाचून दाखविली, कोणाच्या घरी काय नाव ठेवले आहे त्याची चर्चा झाली, आणि तेवढ्यात वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच निकामी झालेली होती. एका क्षणात सर्व केलेले पाण्यात.

हा दोष आमचाच. जुलै २०१९ च्या २६ व २७ तारखांस उल्हास नदीला पूर येऊन बदलापूर व वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. पावसाळ्यात इकडे विजेचा भरवसा काय धरावयाचा हे आम्हांस ठाऊक असावयास पाहिजे होते. लाइव्ह पेनड्राइव्ह बनवितानाच त्यावर थोडी जागा ‘पर्सिस्टन्स’साठी राखून ठेवता येते. ‘रूफस’ या विंडोजवरील कार्यक्रमात उबुंटू व डेबियन यांसाठी तशी सोय असून एक पट्टी सरकवून जागा ठरविता येते. चार गिगाबाइट पुष्कळ झाले. मग केलेले बदल, बसविलेली पुडी व वायफायचा परवलीचा शब्द हे सर्व त्या जागेत टिकते. दुसऱ्या दिवशी आम्ही असा पेनड्राइव्ह तयार करून सर्व काम पुन्हा केले, व पहिल्या दिवशी जेथे अख्खी संध्याकाळ गेली तेथे वीस मिनिटे पुरली. अशा पेनड्राइव्हवर गाभा, म्हणजे ‘कर्नल’, ताजा करण्याच्या भरीस पडू नये. यंत्र सुरू होते ते पेनड्राइव्हवरील मूळच्या गाभ्यानेच, आणि जागा मात्र फुकट भरते.

याहून साधी युक्ती म्हणजे पाणी डब्यात भरून ठेवणे. पुडी एकदा बसली की ‘लिब’मधील ‘फर्मवेअर’ कप्प्यात ‘बी४३’ नावाचा कप्पा तयार होतो. तो सबंध उचलून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवावा. पुढे कोणत्याही लाइव्ह लिनक्सवर तो कप्पा परत त्याच जागी ठेवून चालकास बाहेर-आत केले की काम होते; जाळ्याची गरज नाही. आपल्या सोसायटीच्या कामापुरती अशी प्रत ठेवावी. दुसऱ्यास वाटण्याची मोकळीक मात्र नाही, हे वर आलेच आहे.

कार्ड जागे झाल्यावरही घरचे वायफाय यादीत न दिसले तर पुन्हा कार्डावर रागावू नये. ४३१५ सारखी जुनी कार्डे केवळ २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील लहरी ऐकतात. आपल्या देशात या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या यंत्रांस परवान्यातून सूट जानेवारी २००५ मध्ये मिळाली. एके काळी रेडिओ ऐकण्यासाठीदेखील पोस्टातून परवाना काढावा लागे, ते दिवस आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असतील. नवे राउटर ५ गिगाहर्ट्‌झवरही बोलतात, ते या कार्डास ऐकू येत नाही; राउटरवर २.४ चा पट्टा चालू ठेवावा. तसेच राउटरची कुलूपपद्धत केवळ डब्ल्यूपीए३ अशी असेल तर ती डब्ल्यूपीए२ वर आणून पाहावी, कारण जुन्या कार्डांस नवे कुलूप उघडता येत नाही. राउटर १२ किंवा १३ क्रमांकाच्या मार्गावर असला तरीही असे घडते. अमेरिकेच्या नियमाने बांधलेली कार्डे ११ च्या पुढे ऐकतच नाहीत. कुळगावास अलीकडे भातखाचरांच्या बांधापर्यंत इमारती आल्या आहेत व घरोघरच्या राउटरांनी हा अरुंद पट्टा गजबजून गेला आहे. अशा ठिकाणी १, ६ व ११ या मार्गांपैकी जो कमी गर्दीचा असेल तो घ्यावा, कारण एकमेकांच्या अंगावर न येणारे मार्ग हे तीनच.

सोसायटीचा तो लॅपटॉप त्या हंगामात खतवाटप संपेपर्यंत पेनड्राइव्हवरच चालला, व दिवाळीनंतर लिनक्स त्याच्या डिस्कवर कायमचे बसविण्यात आले. बी४३ चा कप्पा असलेला पेनड्राइव्ह कपाटात पाकिटात ठेवला असून पाकिटावर कार्डाची अंकांची जोडी लिहिली आहे. मालमत्ता क्रमांकाची चिठ्ठी आता लॅपटॉपच्या पाठीस चिकटविली आहे.